'क्रिटिकल' कामाला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: बांधकाम सुपरवायझरांसाठीची पुस्तिका मराठीत आणतेय, 'क्रिटिकल'पाशी अडलेय, म्हणजे जे लांबलं की सगळं बांधकाम लांबतं असं काम. अशा कामांच्या साखळीला, 'क्रिटिकल पाथ'ला, 'निर्णायक मार्ग' लिहिलं तर एकाने विचारलं, "ताई, हा कुठला रस्ता?" वाक्य असं: कामांचे दिवस कमीजास्त धरून हजारदा वेळापत्रक मांडलं, त्यात ७०० वेळा हे काम क्रिटिकल ठरलं. मग ते निर्णायक की नाही?

गोदाकाठ: निकडीचं म्हणा. क्रिटिकल म्हटलं की आमच्याकडे पेशंट आयसीयूत असतो.

साइटवाला: निकडीचं म्हणजे घाईचं. इथे मुद्दा सवडीचा आहे, म्हणजे काम किती दिवस लांबलं तरी चालेल याचा. आमच्या स्लॅबच्या वेळी लाइटचे पाइप टाकायला एक दिवस धरला होता, वर दोन दिवसांची सवड. म्हणून सगळं लक्ष सळईवाल्यांवर. ते वेळेत उरकले, पाइपवाला चौथ्या दिवशी संध्याकाळी उठला. काँक्रीटची गाडी दारातून परत गेली. ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं तेच काम क्रिटिकल निघालं. शब्द आहे तोच ठेवा, मजुरांनाही कळतो.

तक्तेवाली: हेच पर्ट या वेळापत्रक आखायच्या पद्धतीत निसटतं. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ती पद्धत आली. लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा असे तीन अंदाज घ्यायचे, मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागायचं. पण पुढे कामांची एकच सगळ्यात लांब साखळी धरून बसतात. दोन कामं शेजारी चालू, प्रत्येक वेळेत संपायची शक्यता निम्मी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर दोन्ही वेळेत संपायची शक्यता २५ टक्केच.

जुना मास्तर: मग 'खोळंब्याचं काम' म्हणा. आजी म्हणायची, "तुझ्या एकट्याच्या आंघोळीपायी पंगत खोळंबली."

शब्दवेडी: छान आहे, पण खोळंबा झाल्यावर दिसतो. मला तो व्हायच्या आधी सांगायचाय.

जुना मास्तर: तर 'कळीचं'. यंत्राची कळ, ती दाबली की सगळं हलतं.

गोदाकाठ: आमच्याकडे कळ म्हणजे भांडण. कळ काढणे, कळलाव्या. कळीचा मुद्दा त्यातूनच आला.

जुना मास्तर: मुळीच नाही. कुलपालाही कळ असते, तिथून आलाय.

साइटवाला: कळ पोटातही येते. सुपरवायझर काय समजेल?

शब्दवेडी: 'बिनसवडीचं' कसं वाटतं? '७०० वेळा बिनसवडीचं ठरलं' असं निदान लिहिता तरी येतं.

गोदाकाठ: कुलपाच्या कळीचा जुना दाखला द्या मास्तर, मग मानेन.