वर्षाला ६ हजार किमी रनिंग, नवी छोटी गाडी घेऊ की २०१६ ची वॅगन आर?

चोपड्याचा_भाऊ
राम राम मंडळी. घरात आतापर्यंत दोन मोटरसायकली आणि एक ट्रॅक्टर एवढंच आहे, पण आता आईचे गुडघे गेलेत, महिन्यातून दोन-तीनदा जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, शिवाय लग्नसराई, शिरपूरला बहिणीकडे जाणं, असं धरून वर्षाला ६ हजार किमीच्या वर काही रनिंग जाणार नाही. बजेट पाच लाख. नवी अल्टो के१० सीएनजी घेऊ, पेट्रोल घेऊ की मेव्हण्याच्या ओळखीतली २०१६ ची वॅगन आर घेऊ? वॅगन आर ६२ हजार चाललेली, एमएच १९ म्हणजे जळगाव पासिंग, एकाच मालकाची, २ लाख ६० म्हणतोय. वडील म्हणतात नवीच घे, ॲव्हरेज चांगलं, पैसे वसूल होतील. मला तो हिशोब काही बसत नाहीये.

केळीवाला_रावेर
भो, ॲव्हरेजच्या मागे लागू नको. ६ हजार किमी, वीसचं ॲव्हरेज, म्हणजे वर्षाला ३०० लिटर. पेट्रोल १०५ धर, साडेएकतीस हजार. किलोमीटरला सव्वापाच रुपये. आता दुसरी बाजू बघ, नवी गाडी ऑन-रोड सव्वापाचला पडली आणि आठ वर्षांनी पावणेदोनला गेली तर साडेतीन लाख गेले, वर्षाला ४३-४४ हजार, म्हणजे किलोमीटरला सात रुपये नुसती किंमत उतरते. पेट्रोलपेक्षा जास्त! आणि हे उभ्या गाडीचंही उतरतं, लिंबाखाली झाकून ठेवली तरी. आपण पंपावर नोट मोजतो म्हणून पेट्रोल दिसतं, हे दिसत नाही.

सीएनजीचं तर सोडूनच दे. किलोमीटरला साधारण पावणेदोन रुपये वाचतात, गाडी ८०-९० हजारांनी महाग, ते वसूल व्हायला ५० हजार किमी लागतील, तुझ्या रनिंगला आठ-नऊ वर्षं. वर सिलिंडरपायी डिकी गेली, सिलिंडरची तीन वर्षांनी टेस्टिंग, आणि पंपावरची रांग वेगळी. रोज भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्याने घ्यावी ती.

लळिंगच्या_पायथ्याशी
हिशोब बरोबर आहे पण जुन्या गाडीचाही पूर्ण मांडा ना. २ लाख ६० ची सहा वर्षांनी एक-सव्वा लाखाला जाईल, वर्षाला पंचवीसेक हजार उतरले. त्यात जुनीचं जास्तीचं काम धरा दहाएक हजार, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, टायर, एसीचा गॅस. म्हणजे ३५ विरुद्ध ४४, फार मोठा फरक नाही. शिवाय २०१६ ची म्हणजे २०३१ ला १५ वर्षं होतात, मग फिटनेस तपासणी, आरसी रिन्यूअल आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा प्रदूषणाचा कर). रिन्यूअल पाचच वर्षांचं मिळतं, ती फीदेखील २०२२ पासून ६०० ची ५ हजार झालीये. विकायची तर त्याच्या आधी विका, नंतर गिऱ्हाईक निम्म्याने मागतं.

मी स्वतः चालवते, आईवडिलांना घेऊन औट्रम घाट उतरते चाळीसगावकडे. जुन्या बेस मॉडेलला एअरबॅगच नसते. नव्या के१० ला २०२५ पासून सहाही आल्यात. गुडघे दुखणाऱ्या बाईला मात्र वॅगन आरची उंच सीट सोपी, अल्टोत वाकून बसावं लागतं. हे कोणी कागदावर मांडत नाही. आईंना दोन्हीत बसवून बघा आधी.

केळीवाला_रावेर
ताई, हे सीटचं मी विसरलोच होतो, बरोबर.

एमएच१८_फिरस्ता
मी दोन वर्षं छोटी गाडी कमी चालवून शिकलोय म्हणून सांगतो. पावसाळाभर उभी होती, उंदरांनी वायरिंग खाल्लं, बिल आलं ७ हजार. बॅटरीही गेली, आपल्याकडच्या मे महिन्यात ती तशीही तीन वर्षांच्या वर टिकत नाही. ऑइल १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, तुम्हाला वर्षच आधी येणार, म्हणजे ६ हजारालाच बदलायचं. इन्शुरन्स चालवा न चालवा भरायचाच. १००० सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, २०२२ च्या दराने २,०९४ होता, वर स्वतःच्या गाडीचा वेगळा. शोरूममध्ये पॉलिसी त्यांच्याकडूनच घ्यायला लावतात, मला लावली, बाहेर पाच हजारांनी स्वस्त मिळत होती.

आणि एक विचारू का, महिन्यातून तीनदाच जायचं तर गावातली इको व्हॅन भाड्याने का नको? दीड हजार घेतला तरी वर्षाचे ५४ हजार, ना ड्रायव्हिंगची कटकट ना उंदरांची.

चोपड्याचा_भाऊ
दादा तेच करत होतो. रात्री अडीचला आईचा दम लागला, तेव्हा इकोवाला फोन उचलेना. त्या दिवसापासून घरात गाडीचा विषय निघाला.

एमएच१८_फिरस्ता
मग विषयच संपला भाऊ, घ्या.

लळिंगच्या_पायथ्याशी
वॅगन आर बघायला जाल तर सकाळी थंड इंजिनवर जा, आधीच चालू करून ठेवली असेल तर संशय घ्या. स्टेपनीखालचा पत्रा बघा, गंज किंवा वाळलेली माती असेल तर पाण्यात गेलेली समजा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलान किती बाकी आहेत, तेही बघा. मेव्हण्याची ओळख असली तरी बघा.

चोपड्याचा_भाऊ
रविवारी आईला घेऊनच जातो, बरोबर गॅरेजवाला आमचा. २ लाख ३० वर आली तर कापसाच्या पैशात होऊन जाईल, लोन नको. वडील अजून नवीनवरच अडलेत.

केळीवाला_रावेर
त्यांना ते साडेतीन लाख सांग. नाहीतर कापसाच्या क्विंटलमधी सांग, लगेच समजीन.