मदत हवी आहे: वाजवायला बसतो आणि बेसचं नवीन सामान बघत राहतो, हे थांबवायचं कसं?

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं. बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, नोकरी सांभाळून, अधूनमधून शो असतात, कधी कुणाचं रेकॉर्डिंग येतं. माझ्याकडे एक प्रिसिजन पद्धतीचा बेस आहे, एक जॅझ पद्धतीचा (दोन्ही फेंडर कंपनीचे जुने नमुने), एक बरा अँप, डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची सोय) असलेला प्रिअँप, म्हणजे अँपच्या आधी आवाज घडवणारा डबा, आवाजाचे चढउतार आवरणारा काँप्रेसर आणि पेडलबोर्ड भरेल एवढी पेडल्स. म्हणजे जे संगीत आम्ही वाजवतो त्याला हे सगळं पुरून उरतं हे मलाही कळतं.

तरी ओढ काही जात नाही. आणि ती कधी येते ते आता मला नीट दिसायला लागलंय, एखादी लाइन (गाण्यातला बेसचा भाग) बसत नाही, उजव्या हाताची दोन बोटं एकसारखी पडत नाहीत, मेट्रोनोम मागे खेचतोय असं वाटतं, की पाच मिनिटांत मोबाईल हातात येतो आणि मी कुणीतरी दोन प्रिअँपची तुलना केलेला व्हिडिओ बघत असतो. मग वाटतं की आपला आवाजच बोथट आहे म्हणून मजा येत नाहीये, हा घेतला की लाइन सुटी ऐकू येईल. कार्टमध्ये टाकतो, काढतो, परत टाकतो, झोपायची वेळ टळून जाते आणि बेस स्टँडवर तसाच.

सध्या डोक्यात पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आतच बॅटरीवरचा प्रिअँप असलेला) बेस बसलाय. कारण अगदीच खोटं नाही, आमच्या गायिकेच्या पट्टीमुळे काही गाणी डी आणि सी मध्ये गेलीत आणि खाली जागा कमी पडते. पण हे कारण पुढे करून मी स्वतःला पटवतोय की खरंच गरज आहे, हेच मला ठरवता येत नाहीये. घरात पैशाची ओढाताण नाही, कर्ज नाही, पण घेतलेली वस्तू आठवडाभरात नेहमीची होते आणि पुढची दिसायला लागते याचा त्रास होतोय. ज्यांनी यातून मार्ग काढलाय त्यांनी कृपया सांगा, गरज आणि ओढ वेगळी कशी करता? "इच्छाशक्ती वाढव" सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद

सगळ्यात आधी एक विचारतो, तारा कधी बदलल्या होत्या आणि सेटअप कधी केला होता? प्रश्न साधा वाटेल पण मी मनापासून विचारतोय. राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या, तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ जाऊन बसला की वरचा आवाज मरतो, आणि तो इतका हळूहळू मरतो की आपल्या लक्षातच येत नाही, मग आपण पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाला) आणि अँपला दोष देत बसतो. तसंच हवा बदलली की नेक हलते, तारा उंच होतात, बोटं दमतात, आणि मनात येतं की हा बेसच आपल्यासाठी नाही. ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई), अ‍ॅक्शन, इंटोनेशन (म्हणजे तारांची उंची आणि प्रत्येक फ्रेटवरचा सुरेलपणा) बघून घ्या आणि नव्या तारा टाका. नवीन बेस हातात घेतल्यावर जो आनंद होतो त्यातला बराचसा वाटा कोऱ्या तारांचा आणि ताज्या सेटअपचा असतो असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला दुजोरा, आणि एक उलटं उदाहरण. जेम्स जेमरसन या बेसवादकाने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्ड्स मुख्यतः एका प्रिसिजन बेसवर वाजवल्या, जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, त्याही शक्यतो बदलायच्या नाहीत, अ‍ॅक्शन उंच, ब्रिजच्या (तारांच्या खालच्या टोकाच्या आधाराच्या) कव्हरखाली फोम आणि उजव्या हाताचं एकच बोट. म्हणजे एकाला कोऱ्या तारा लागतात, एकाला जुन्याच हव्यात, पण दोघांनाही आपल्याला काय ऐकू यायला हवं हे माहीत असतं. व्हिडिओ बघून जी ओढ लागते तिच्यात नेमकं हेच नसतं, तिथे दुसऱ्याचा कान आपल्यासाठी ठरवत असतो.

प्रिसिजन बेस १९५१ चा, जॅझ बेस १९६० चा. दोघांवरही मूळ रचना अगदी साधी, प्रिसिजनला एक व्हॉल्यूम आणि एक टोन, बस. तुमच्याकडे हे दोन्ही आहेत म्हणजे ध्वनिमुद्रित संगीतातला केवढा मोठा भाग तुमच्या खोलीत आहे बघा.

प्रतिसाद

मी एक प्रयोग सुचवते, माझ्यासाठी हाच सगळ्यात उपयोगी ठरला. तुलनेचे व्हिडिओ बघून जे पेडल हवंसं वाटतं त्यात बऱ्याचदा आवाजाची पातळी सारखी केलेली नसते. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तो "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो, जास्त भरीव, जास्त जिवंत. म्हणून दुकानात किंवा मित्राकडे काही ऐकायचं झालं तर आधी दोन्हीची पातळी जुळवा, मग डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. आणि एकट्या बेसवर ऐकू नका! ड्रम, गिटार, आवाज सगळं चालू असताना ऐका. खोलीत एकट्याने ऐकताना जो फरक आभाळाएवढा वाटतो तो बँडमध्ये शोधूनही सापडत नाही, उलट एकट्याने जरा नाकात बोलल्यासारखा वाटणारा मधला आवाजच बँडमध्ये वर येतो. माझ्या विशलिस्टमधल्या बऱ्याच गोष्टी या एका परीक्षेतच गळाल्या.

दुसरं म्हणजे खोली. अँप कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुगतो, भिंतीपासून बाहेर ओढला की घट्ट होतो. हे फुकटात होतं आणि प्रिअँप बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

प्रतिसाद

मित्रा, तू लिहिलंयस की लाइन बसत नाही तेव्हा ओढ येते. उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. शिकताना मध्येच एक सपाट पट्टा येतो, काहीच पुढे सरकत नाही, आणि खरेदी मात्र लगेच पुढे गेल्यासारखं वाटवते. म्हणून ओढ दाबायच्या फंदात पडू नकोस, त्या क्षणी हाताला दुसरं काहीतरी दे. मी काय करतो सांगतो, ओढ आली की ज्या लाइनवर अडकलोय ती अर्ध्या वेगात रेकॉर्ड करतो आणि लगेच ऐकतो. ऐकल्यावर कळतं की आवाजात काही खोट नव्हती, स्वर लवकर सुटत होता किंवा मोकळी तार मागे घुमत राहत होती. डाव्या हाताने तार नीट दाबून बंद करणं हे कुठल्याच पेडलमध्ये मिळत नाही.

आणि उजवा हात हलवून बघ रे. त्याच बेसवर ब्रिजजवळ वाजव, मग पिकअपवर, मग फ्रेटबोर्ड संपतो तिथे, टोन पूर्ण बंद करून आणि पूर्ण उघडून. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एक आवाज, मागचा जरासा कमी केला की मधला भाग एकदम भरतो (सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचे पिकअप असतील तर थोडी गुणगुण येईल, ती येणारच). एवढं सगळं धुंडाळून झालंय का तुझं? माझं अजून झालेलं नाही.

प्रतिसाद

सगळे "घेऊ नका" म्हणतायत म्हणून मी दुसरी बाजू मांडतो, कारण कधी कधी गरज खरी असते. खांदा दुखतोय आणि बेस जड आहे, हात लहान आहेत आणि ३४ इंची स्केलवर पहिल्या फ्रेटपर्यंत पोचताना मनगट दुखतं म्हणून ३० इंची शॉर्ट स्केल हवा, डीआय नाही म्हणून प्रत्येक शोला उसना मागावा लागतोय, ही सगळी खरी कारणं आहेत आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. माझी कसोटी एवढीच की गरज ही वस्तूचं नाव न घेता सांगता आली पाहिजे. "अमुक गाण्यात मला खालचा सी हवाय" ही गरज. "मला तो अ‍ॅक्टिव्ह पाच तारांचा हवाय" यात वस्तू आधी आली.

तुमच्या बाबतीत मधला रस्ता आहे. पाच तारांचा सेट घ्या, त्यातली जी ची तार बाजूला ठेवा आणि एक बेस नेहमीच्या ई-ए-डी-जी ऐवजी बी-ई-ए-डी असा लावा. चार तारांच्या बेसची खालची ई साधारण ४१ हर्ट्झला, बी ३१ ला, म्हणजे डी आणि सी दोन्ही आरामात मिळतात. नुसता डी हवा असेल तर ई तार एक स्वर उतरवली तरी काम भागतं. वरची जी जाईल, पण बँडमध्ये बेसवाला तिथे किती वेळ असतो ते बघा. काही महिने शो करा. प्रत्येक शोला ती बी तार वापरली गेली आणि वरची जी आठवत राहिली, तर पाच तारांचा बेस बिनधास्त घ्या, तो तुमच्या कामाचा आहे.

प्रतिसाद

एक जरा गंभीर गोष्ट, धागाकर्त्यांना लागू नाही हे त्यांनी लिहिलंच आहे पण दुसरं कुणी वाचत असेल म्हणून. क्रेडिट कार्डची बाकी फिरत राहते, आलेला खोका घरच्यांपासून लपवावा लागतो, घेतल्यावर आनंदाऐवजी धडधड होते, विकून परत तेच घेतलं जातं, असं चाललं असेल तर तो हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा घरातल्या एका माणसाला सगळा आकडा खरा सांगा आणि समुपदेशकाशी बोला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कार्डाचा नंबर दुकानांच्या अ‍ॅपमधून काढून टाकणं, सेलच्या सूचना बंद करणं, हे आजच करता येतं. दर वेळी नंबर हाताने टाकावा लागला की मध्ये जो वेळ जातो तेवढ्यातही बऱ्याचदा लाट ओसरते.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वस्तूचं नाव न घेता गरज सांगायची हे फार पटलं, मी वहीत लिहून बघितलं, तर पाच तारांच्या बाबतीत एक वाक्य लगेच लिहिता आलं, प्रिअँपच्या बाबतीत काहीच लिहिता आलं नाही. तो कार्टमधून काढलाय. ॲपच्या सूचना बंद केल्यात, आणि पातळी जुळवून बँडबरोबर ऐकायचा प्रयोग पुढच्या प्रॅक्टिसला करणार, ड्रमर तयार आहे.

प्रिसिजन बी-ई-ए-डी करायचं जवळजवळ नक्की केलंय. फक्त एक अडचण, नटमधल्या (फ्रेटबोर्डच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतल्या) खाचा आत्ताच्या तारांच्या मापाच्या आहेत, जाड बी तार तिथे बसणार नाही. खाचा घासून रुंद कराव्या की नवीन नट करून घ्यावा?

प्रतिसाद

नवीन नट करून घ्या आणि जुना डबीत जपून ठेवा, एकदा रुंद केलेली खाच परत अरुंद होत नाही, नाही आवडलं तर परत येता आलं पाहिजे. बी ची तार घेताना टोकाला निमुळती होणारी मिळाली तर ती बघा, काही ट्यूनरच्या भोकात पूर्ण जाडीची तार जात नाही. आणि तारांचा ताण बदलणार म्हणून ट्रस रॉड बघावा लागेल, ब्रिजवरचं बी चं सॅडल (तार टेकते तो छोटा सरकता तुकडा) बरंच मागे घ्यावं लागेल, तेव्हा कारागिराला सगळं एकत्रच करायला सांगा.