मदत हवी आहे: पोलीस क्लिअरन्स, अर्जंट

प्रवराकाठ
नमस्कार मंडळी. पोलीस क्लिअरन्स काढायचा आहे. चर्चने मागितलाय. मुलांचा कार्यक्रम तोंडावर आलाय आणि कागद हातात नसेल तर मला त्या हॉलमध्ये पाय ठेवू देणार नाहीत. गुगलवर दहा जण दहा गोष्टी सांगतायत. अलीकडे कुणी काढलाय का? कुठे अर्ज करायचा, किती पैसे, किती दिवस? कृपया ज्यांनी स्वतः काढलाय त्यांनीच सांगा. घाई आहे.

खाकी_निवृत्त
यात अवघड काही नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरा. फोटो, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा जोडा, फी भरा. मग ठाण्यातून बोलावणं येतं. जाताना मूळ कागद न्या. एजंटला एक रुपया देऊ नका. कुठल्या ठाण्याच्या हद्दीत राहता?

प्रवराकाठ
काका, मी लेस्टरला आहे. ठाण्यात कसा येऊ?

खाकी_निवृत्त
मग हे आधी नको का सांगायला?

मिडलँड्सची_वहिनी
लेस्टर म्हणजे इंग्लंड. आता नीट सांग. चर्चने नक्की कोणते शब्द वापरले? इथे सगळे सरसकट 'पोलीस चेक' म्हणतात, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, असतो. तो इथल्या सरकारचा असतो. भारतातला पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पूर्ण वेगळा. दोन्हींचा रस्ता वेगळा, खिडकी वेगळी. ईमेल आला असेल तर त्यातलं वाक्य जसंच्या तसं टाक. आणि तू तिथे नोकरीला आहेस की कसा?

मंग्या_मँचेस्टर
डीबीएसच असणार. लहान मुलांबरोबर काम म्हणजे एन्हान्स्ड डीबीएस, जास्त खोलवर तपासणीचा. तो आपला आपण काढता येत नाही, चर्चलाच अर्ज करावा लागतो. आणि स्वयंसेवकांना फुकट असतो. डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

प्रवराकाठ
फुकट नाहीये. माझ्याकडे ४९.५० पाउंड मागितलेत. तेच तर विचारतोय. आणि दोन्ही मागितलेत बहुतेक. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "इथला करूच, पण तू वर्षभरापूर्वीच इथे आलास, त्याच्या आधीचं काय?" डीबीएसचा फॉर्म त्यांनीच भरला होता, तो परत आला. नाव जुळत नाही म्हणे.

कुंदा_मावशी
बाळा, परदेशात एकटा आहेस, जेवणाचं काय करतोस? लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानं पुष्कळ आहेत, तिथे थालीपिठाची भाजणी नाही मिळाली तरी ज्वारीचं पीठ नक्की मिळेल. माझी भाची तिथे होती. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत त्या गावात. कांदा लसूण मसाला मात्र घरून मागव.

प्रवराकाठ
मावशी धन्यवाद, पण मी सगळं खातो. प्रश्न जेवणाचा नाहीये.

मिडलँड्सची_वहिनी
परत विचारते, कारण सगळं यावरच अडलंय. तू स्वयंसेवक आहेस की हे तुझ्या कोर्समधलं प्लेसमेंट आहे?

प्रवराकाठ
बायबल कॉलेजला आहे. सुवार्ताकार्याचा कोर्स, त्यात आठवड्यातले काही दिवस एका मंडळीत, म्हणजे या चर्चमध्ये, काम करायचं. पैसे मिळत नाहीत. म्हणजे स्वयंसेवकच ना?

मिडलँड्सची_वहिनी
नाही ना! डीबीएसच्या व्याख्येत पगार नसणं एवढंच पुरत नाही. कोर्ससाठी करावं लागणारं काम असेल, प्लेसमेंट असेल, तर तो माणूस स्वयंसेवक धरत नाहीत. त्यामुळे फी लागते. एन्हान्स्डची फी ४९.५० आहे, म्हणजे तुला बरोबर आकडा सांगितलाय. ती तू भरायची की मंडळीने की कॉलेजने, ते मात्र विचार. आमच्या ट्रस्टमध्ये प्लेसमेंटच्या मुलांची फी आम्ही भरतो.

मंग्या_मँचेस्टर
वहिनी, आमच्या गणेशोत्सव मंडळात मुलांच्या वर्गासाठी सगळ्यांचे फुकट झाले. उगाच घाबरवू नका त्याला.

मिडलँड्सची_वहिनी
तुमच्या मंडळातली माणसं शनिवारी हौसेने येतात. त्यांना त्याचे मार्क मिळत नाहीत. याला मिळतात. हाच फरक आहे.

मंग्या_मँचेस्टर
मग व्हिसाचं काय? पगार नसला तरी ते काम २० तासांत मोजतात. माझ्या मित्राच्या मित्राला त्यावरून पत्र आलं होतं.

मिडलँड्सची_वहिनी
मित्राच्या मित्राला सगळंच झालेलं असतं. पदवीच्या पातळीचा कोर्स असेल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, त्याखालचा असेल तर १०. बिनपगारी कामही त्यात येतं हे खरं. पण कोर्सचा भाग असलेलं, मूल्यमापन होणारं प्लेसमेंट वेगळं मोजतात. म्हणून प्लेसमेंटच्या दिवसांखेरीज तो रविवारी आणखी काय काय करतो, हे महत्त्वाचं. मंडळी प्रेमाने म्हणते, "खुर्च्या मांडायला ये, मग युवकांना घेऊन जा, मग गाडीतून सामान आण." त्याची हजेरी बांधलेली असेल तर ते काम झालं. मनात आलं तर गेला, नाही तर नाही, असं असेल तर ती सेवा. प्रवराकाठ, कॉलेजच्या व्हिसा ऑफिसला लेखी विचार, तोंडी नको.

स्पष्टवक्ता
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. इंग्लंडला जाऊन धर्मप्रसार शिकायचा आणि मग इकडे येऊन काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. अशा लोकांना मदत कशासाठी?

नगरची_नात
त्याने क्लिअरन्स कसा काढायचा ते विचारलंय. येत असेल तर सांगा, नसेल तर पुढच्या धाग्यावर जा. आमच्या घरात चार पिढ्या अभंगाच्या चालीत ख्रिस्ती भजनं गातात, नारायण वामन टिळकांची. आम्ही काल विमानातून उतरलेलो नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं.

स्पष्टवक्ता
इतिहास मलाही येतो. प्रश्न आजचा आहे.

प्रवराकाठ
दादा, आजचंच सांगतो. सोमवारी फूड बँकेत असतो. डबे तारखेप्रमाणे लावायचे, आलेल्या माणसाचं व्हाउचर बघायचं आणि तीन दिवसांचं सामान भरून द्यायचं. काही जणांकडे शेगडी नसते, नुसती किटली असते. त्यांची पिशवी वेगळी: कपात होणारे नूडल्स, सूपच्या पुड्या, डब्यातला मासा. काहींकडे किटलीसुद्धा नसते. हे लोक लाजतात, विचारलं तरी सांगत नाहीत, म्हणून मला शिकवलंय की आधी विचारायचं, "गरम पाण्याची सोय आहे ना?" बुधवारी इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. त्याला हाँगकाँगचे आजोबा येतात, युक्रेनच्या बाया येतात, एरिट्रियाची पोरं येतात. माझ्या इंग्रजीची तिथे जरा बरी किंमत होते. गुरुवारी टॉडलर ग्रुप, म्हणजे दोन वर्षांची पोरं, सांडलेलं सरबत आणि त्यांच्या आयांचा चहा. त्यातच डीबीएस हवा.
आणि मला लेस्टरला पाठवलं कारण "तू भारतीय, तुला इथल्या भारतीयांशी बोलता येईल." रस्त्यावर भेटेल तो "केम छो" म्हणतो. मला गुजराती येत नाही. मग आम्ही दोघं इंग्रजीत हवामानावर बोलतो. झालं सुवार्ताकार्य.

नगरची_नात
😄 पाळकसाहेबांना सांग की प्रवराकाठ आणि राजकोट एक नाही.

जुनी_पानं
विषय निघालाच आहे तर सांगतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहार सोडला नाही, आणि त्यावरून तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांची जुंपली. सिस्टरांना त्यात जातीचा अवशेष दिसत होता, रमाबाईंना आपलं स्वातंत्र्य. चर्चच्या सत्तेपुढे मान तुकवायची की नाही यावरही त्यांची पत्रापत्री आहे. तुम्हाला तिथे "आमच्यासारखं व्हा" असा अनुभव येतो का? मला त्यात जास्त रस आहे.

कुंदा_मावशी
बघा, मी म्हटलं नव्हतं शाकाहाराचं?

खाकी_निवृत्त
गाडी रुळावर आणा. पोरा, पासपोर्टवर पत्ता कुठला आहे?

प्रवराकाठ
गावचाच, राहुरी तालुका. पासपोर्टवर जिल्हा अहमदनगर आहे, आता अहिल्यानगर. त्याने काही अडतं का? मध्ये कॉलेजसाठी पुण्यात होतो, खडकीला खोलीवर. जुनी_पानं, तुम्हाला नंतर लिहितो. अनुभव येतो, पण वेगळा. इथे कुणी मोठ्याने प्रार्थना केली की लोक बुटांकडे बघायला लागतात.

खाकी_निवृत्त
जिल्ह्याच्या नावाने अडू नये, चालू पासपोर्ट चालू आहे. पण माझं ऐक. आईला आपल्या ठाण्यात पाठव, इथूनच चारित्र्य प्रमाणपत्र काढून कुरियरने मागव. साहेबांच्या सहीचा, शिक्क्याचा कागद गोऱ्यांना आवडतो.

मिडलँड्सची_वहिनी
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तो कागद इथे कोण कसा वाचणार? चर्चला देशाच्या पातळीवरचा पीसीसी दिला की प्रश्न संपतो. तो परराष्ट्र मंत्रालयाकडून, म्हणजे इथे असताना भारतीय वकिलातीकडून मिळतो. लेस्टर बर्मिंगहॅमच्या कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं. ऑनलाइन पासपोर्ट सेवेचा फॉर्म भरायचा आणि कागद व्हीएफएसच्या, म्हणजे वकिलातीसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात द्यायचे. गावच्या पत्त्यावर पोलीस चौकशी निघू शकते, तेव्हा घरी कुणीतरी हवं, म्हणून आईला आत्ताच सांगून ठेव. ती शेतात गेली आणि शिपाई कुलूप बघून परत गेला की आठवडे जातात.

खाकी_निवृत्त
शेवटी चौकशी करायला आमचाच माणूस जाणार ना? मग थेट आमच्याकडे आलात तर काय बिघडलं?

मिडलँड्सची_वहिनी
बिघडत काही नाही. फक्त मागणाऱ्याला कोणता कागद चालतो, ते मागणाराच ठरवतो. प्रवराकाठ, बाईंना एका ओळीत विचार: "राष्ट्रीय पातळीचा हवा की राज्य पोलिसांचा चालेल?"

मंग्या_मँचेस्टर
आणि डीबीएस परत का आला ते राहिलंच की.

प्रवराकाठ
पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये माझं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, आपल्याकडे लावतात तसं. बाईंनी फॉर्मवर वडिलांचं नाव गाळलं, म्हणाल्या ते तुझं नावच नाही. ई-व्हिसावर दोन्ही आहेत. बँकेत एकच. शिवाय पत्त्याचा पुरावा मागतात. मी मंडळीतल्या एका कुटुंबाकडे राहतो, बिलं सगळी त्यांच्या नावाने. मोबाईलचं बिल दाखवलं, ते चालत नाही म्हणाले.

मिडलँड्सची_वहिनी
अरे देवा, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ऐक. फॉर्मवर पासपोर्टसारखं नाव जाऊ दे, वडिलांचं नाव 'मिडल नेम' म्हणून. बँकेतल्या नावासारखी आणखी कुठली नावं वापरात असतील, तर ती नावांच्या रकान्यात दाखवायची, लपवायची नाहीत. पत्ते मागच्या ५ वर्षांचे लागतात, मध्ये भोक ठेवायचं नाही, खडकीची खोलीसुद्धा महिन्यांसह लिही. मोबाईलचं बिल यादीत बसत नाही, त्यांचं बरोबर आहे. बँकेला पत्ता कळव आणि तीन महिन्यांच्या आतलं स्टेटमेंट घे. शाखा असलेली बँक असेल तर शिक्का मारून आण. तुझी बँक फक्त ॲपवाली आहे का?

प्रवराकाठ
हो, ॲपवालीच.

मंग्या_मँचेस्टर
मग शाखावाल्या बँकेत खातं उघड. खातं उघडल्याचं पत्र घरी येतं, तेही पुरावा म्हणून चालतं. ताजं हवं मात्र. माझं तसंच झालं होतं.

मिडलँड्सची_वहिनी
हे मंग्याचं बरोबर आहे. आणि तुझी ऑक्टोबरची सुट्टी कधी? लेस्टरची हाफ टर्म बाकीच्या इंग्लंडच्या आठवडाभर आधी येते. कार्यक्रम त्याच सुट्टीत असेल तर पीसीसी वेळेत येईल याची खात्री धरू नकोस. तोवर काय, तेही बाईंशी बोल. बऱ्याच ठिकाणी कागद येईपर्यंत मुलांबरोबर एकटं सोडत नाहीत, पण स्वयंपाकघरात, नोंदणीच्या टेबलावर, सामान लावायला घेतात. तेवढं तर करू देतील.

प्रवराकाठ
बाईंशी बोललो. राष्ट्रीय पातळीचाच हवा म्हणाल्या. फॉर्म उद्या पुन्हा भरतोय, माझ्यासमोर. फी मंडळी भरेल असं पाळकसाहेब म्हणाले, पण आधी कमिटीत ठेवणार. कमिटी कधी ते कुणाला माहीत नाही. तोवर मला किचनमध्ये टोस्टचं काम दिलंय. आईला फोन केला, ती म्हणते शिपाई आला तर चहा देऊ का जेवायला थांबवू.

खाकी_निवृत्त
चहा पुरे. जेवायला थांबवलं तर निघणार नाही.

स्पष्टवक्ता
व्हीएफएसची अपॉइंटमेंट आधी घे, मग कमिटीची वाट बघ. माझ्या मुलीचं डर्बीला नर्सिंग चालू आहे, तिने पीसीसी तिथूनच काढला. कागदांची यादी विचारून टाकतो.

नगरची_नात
हे आधीच लिहिलं असतं तर?

चिंगी_ऑटवा
नमस्कार, धागा वाचला. माझ्या भाच्याला कॅनडात पार्ट टाइमसाठी असाच क्लिअरन्स मागितलाय. त्याचं पासपोर्टवर आडनावच नाही, रकाना रिकामा आहे. काय करावं? जरा घाई आहे.

मिडलँड्सची_वहिनी
नवीन धागा काढा. आणि पहिल्याच पोस्टमध्ये सांगा, कोणत्या प्रांतात, कोणता व्हिसा, कुणी मागितलाय.