मदत हवी आहे: हार्मोनियम साथीदार म्हणून ओळख कशी पक्की करावी?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात चरईत राहतो, हार्मोनियम वाजवतो. नाट्यसंगीत आणि अभंगांची साथ हे माझं खरं काम. घर चालवायला लग्नांत कीबोर्ड वाजवतो, कळव्यात शिकवण्याही घेतो.

इन्स्टाग्रामवर सगळं एकाच खात्यात आहे: वर नाट्यपद, खाली हळदीचा धिंगाणा, त्याखाली मुलीचा वाढदिवस. परवा एका आयोजकांनी विचारलं, "दादा, तुम्ही नक्की काय वाजवता?" प्रश्न रास्तच आहे.

लग्नांचं वेगळं खातं काढू का? दोन खाती सांभाळायला वेळ कुठून आणू, हेही सांगा. परिचयात 'कीबोर्डिस्ट, अरेंजर, परफॉर्मर' लिहिलंय, त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'हार्मोनियम साथ, नाट्यसंगीत व अभंग, ठाणे' एवढंच पुरेल का? माझ्या डोक्यात आहे की एकच पद काळी एक आणि पांढरी पाच अशा दोन पट्ट्यांत (म्हणजे वेगवेगळा मूळ सूर धरून) वाजवून छोटे व्हिडिओ टाकावेत. आपल्या पट्टीत साथ जमते का, गायकाला तेच तर बघायचं असतं.

नावाचाही घोळ आहे. माझं नाव-आडनाव इतकं सर्रास की एका गाण्याच्या अ‍ॅपवर माझा अभंग माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणाच्या पानावर जाऊन बसलाय. ती चूक दुरुस्त करायला टाकलीय, पण पुढे वडिलांचं नाव मध्ये घालून वाजवावं का?

आणि हो, गडकरी रंगायतनमधल्या प्रत्येक फोटोत मी गायिकेमागे अर्धाच दिसतो. ठाण्यात किंवा वाशीत बैठकीचे फोटो नीट काढणारं, खिशाला परवडणारं कुणी माहीत असेल तर मेसेज करा.