पत्रक की पुस्तिका? अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातील ‘पॅम्फ्लेट’

प्रश्न : टॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या इंग्रजी पॅम्फ्लेटला मराठी लेखनात कधी ‘पत्रक’ म्हणतात, तर कधी ‘पुस्तिका’. यांपैकी योग्य शब्द कोणता मानावा?

उत्तर : माझ्या मते ‘पुस्तिका’च. ‘पत्रक’ म्हटले की निवडणुकीत घरोघरी वाटला जाणारा किंवा पक्षकार्यालयाने वृत्तपत्रांकडे धाडलेला एखादा कागद डोळ्यांसमोर येतो; शिवाय ‘पत्रकबाजी’मुळे त्या शब्दाला उथळपणाची छटाही आली आहे. ‘कॉमन सेन्स’ १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले, आणि राज्यसंस्था मुळात कशासाठी असते येथून आरंभ करून, वंशपरंपरागत राजेशाहीचे दावे खोडून काढत, वसाहतींनी ब्रिटनपासून पूर्णपणे वेगळे व्हावे या निष्कर्षापर्यंत वाचकाला नेणारा तो दीर्घ, सलग युक्तिवाद होता. एवढा युक्तिवाद एका कागदावर मावत नाही, आणि त्याचा प्रभाव त्या सलगपणातच होता.

या लेखनप्रकारात प्रतिवादालाही मोठे स्थान होते. ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ या टोपणनावाने सॅम्युअल सीबरी यांनी १७७४ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेवर, टीका केली, तेव्हा विद्यार्थिदशेतील अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तिला एकामागोमाग दोन पुस्तिकांनी उत्तर दिले. पेन यांनाही जेम्स चाल्मर्स यांनी ‘प्लेन ट्रुथ’ लिहून प्रत्युत्तर दिले. विशेष म्हणजे ‘कॉमन सेन्स’ प्रथम छापणारे रॉबर्ट बेल हेच ‘प्लेन ट्रुथ’चेही मुद्रक होते. विरोधकाचे म्हणणे मुद्देसूद खोडायला लागणारी ऐसपैस जागा ‘पुस्तिका’ या शब्दातच सूचित होते.

पूरक मत : निष्कर्ष मान्य आहे, परंतु ‘पॅम्फ्लेट’ या मूळ इंग्रजी शब्दाची व्याप्ती याहून मोठी होती, हे नोंदवायला हवे. ब्रिटनने वसाहतींवर लादलेल्या १७६५ च्या मुद्रांक कायद्याने अर्ध्या तावात मावणाऱ्या पॅम्फ्लेटवरही कर बसवला होता. एका तावाहून मोठ्या आणि अष्टपत्री आकारात (एका तावाची सोळा पाने) सहा तावांपर्यंतच्या, म्हणजे ९६ पानांपर्यंतच्या, पॅम्फ्लेटसाठी एका प्रतीतील तावांच्या संख्येनुसार दर तावामागे एक शिलिंग आकारणी होती. त्यामुळे सरसकट ‘पुस्तिका’ न लिहिता प्रत्यक्ष छापील वस्तू पाहून शब्द निवडावा. जॉन डिकिन्सन यांची ‘शेतकऱ्याची पत्रे’ आधी वृत्तपत्रांतून आली आणि १७६८ मध्ये एकत्र छापली गेली, तेव्हा त्यांची पुस्तिका झाली. याउलट, मुद्रक जॉन डनलॅप यांनी ४ जुलै १७७६ च्या रात्री छापलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकाच तावाच्या एका बाजूवर होता. त्याला ‘पत्रक’ म्हणणेच रास्त ठरेल.