मदत हवी आहे: ट्रेलरवरच्या शिडाच्या होडीला तळाचा रंग कोणता लावू?

नमस्कार मंडळी. माझी १६ फुटी फायबरची शिडाची होडी बेलापूरला ट्रेलरवर असते. रविवारी भरती बघून खाडीत उतरवायची, संध्याकाळी वर काढून गोड्या पाण्याने धुवायची, एवढ्यावर आजवर भागलं.

यंदा दिवाळीनंतर मात्र तीन आठवडे सलग पाण्यात ठेवायची आहे. गेल्या वर्षी आठच दिवस ठेवली, तर तळाला बुळबुळीत थर आणि बारीक बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचाचे समुद्री जीव)! खरवडताना जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) ओरखडे उठले, जीव हळहळला.

दुकानदार तांब्याचा कडक अँटीफाउलिंग (तळाला जीव, शेवाळ चिकटू न देणारा) रंग सुचवतोय. पण तसला रंग महिनोन्महिने कोरडा राहिला की त्याचा जोर ओसरतो, आणि माझी होडी बहुतेक वर्ष कोरडीच. झिजत जाणारा अ‍ॅब्लेटिव्ह कोपॉलिमर रंग मात्र कोरडा राहूनही टिकतो. तो मऊ असतो, मग ट्रेलरच्या रोलरवर घासून निघेल का? कुणी वापरलाय? रोलरऐवजी गालिचा लावलेल्या फळ्या बसवल्या तर फरक पडतो?

सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची फळी) अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तो गंजू नये म्हणून त्याला तांब्याचा रंग लावणार नाही. शिवाय खाडीत फ्लेमिंगो उतरतात, पाण्यात विष कमीत कमी सुटावं असं मनापासून वाटतं. की रंग न लावता दर चार दिवसांनी बुडी मारून स्पंजने तळ पुसणं पुरेल?