‘ड्रेस’ केलेली मेणबत्ती: भारलेली, मंतरलेली की माखलेली?

खारीबिस्कीट: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘हूडू’ या लोकजादूवरचा मजकूर मराठीत करतेय, एका शब्दावर गाडी अडलीय. मेणबत्तीवर खिळ्याने नाव कोरतात, मग तिला तेल चोळतात. काही ओढून आणायचं असेल तर हात आपल्याकडे, पीडा घालवायची तर आपल्यापासून लांब. याला ते मेणबत्ती ‘ड्रेस’ करणं म्हणतात. ‘सजवलेली’ म्हटलं तर थेट वाढदिवसाचा केक. मी ‘भारलेली’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘अभिमंत्रित’ केलं.

उंबरठा: अभिमंत्रित म्हणजे अगदी सोवळ्यातलं! पाणी भारतात, अंगारा भारतात, गंडा मंतरतात. भारलेलीच ठेवा.

कानामात्रा: भारायला मंत्र लागतो. इथे नुसतं तेल चोळतायत. ‘माखलेली’ म्हणा.

खारीबिस्कीट: नुसतं तेल नाही हो, बरेच जण वर बायबलातली स्तोत्रंही म्हणतात.

कानामात्रा: मग तेल माखून भारलेली. बाकी ‘मेणबत्ती’तली बत्तीच हिंदी वळणाची आहे, त्याचं कुणाला काही नाही. संस्कृत वर्तीची मराठीत वात झाली. गोव्यात कोकणीत ‘मेणवात’ म्हणतात, तोच खरा आपला शब्द. आणि मेण आलं ‘मदन’वरून. मदन म्हणजे मधमाशांचं मेण.

उंबरठा: वाण्याकडे मेणवात मागून बघा. समईच्या वातींचं पुडकं हातात ठेवेल.

पाणखाडी: मदनावरून आलंय तर वशीकरणाला मेणबत्ती बरोबरच की :)

वांद्रेकर: आमच्या मोतमाउलीच्या, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, सप्टेंबरात, मेणाचे हात, पाय, बाळ, घर सगळं मिळतं. गुडघा धरला की मेणाचा पाय वाहायचा. माझी मावशी पाय आधी स्वतःच्या गुडघ्यावरून फिरवायची, मग वाहायची. हे तुमच्या तेल चोळण्याच्या जवळचं वाटतं.

कानामात्रा: तो नवस आहे, जादू नव्हे. गल्लत नको.

वांद्रेकर: मावशीला विचारायला हवं होतं. ती दोन्ही म्हणाली असती.

पाणखाडी: ‘मोत’ म्हणजे मोती ना? कोळ्यांना मूर्ती समुद्रात सापडली, म्हणून मोत्याची माउली.

कानामात्रा: छे! पोर्तुगीज ‘मोंत’, म्हणजे डोंगर. १५३४ पासून दोनशे वर्षं वांद्र्यासकट साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं.

खारीबिस्कीट: मंडळी, माझी मेणबत्ती? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

उंबरठा: भारलेली. संपादकांना माझं नाव सांगा.

वांद्रेकर: मोंत कशाला, ‘माउंट’चंही मोत होईल. पण कोळीवाड्यात कुणालाही विचारा, मोतीच सांगतील. त्यांची माउली, त्यांचा शब्द.

कानामात्रा: लोक सांगतात ती व्युत्पत्ती नसते.

वांद्रेकर: मग मदनाची तरी कुणी सांगितली तुम्हाला?